पोलिसाच्या बायकोचा डोळा

2 जानेवारी 1962, मंगळवारची रात्र. बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर नवी पोलीस मालिका सुरू होते आहे, नाव 'झेड कार्स'. पहिल्याच भागात कॅमेरा बॉब स्टील नावाच्या पोलीस शिपायाच्या घरात शिरतो. स्टीलच्या बायकोचा, जेनीचा, एक डोळा सुजून काळानिळा झालेला आहे. भिंतीवर मोठा डाग आहे. उत्तर इंग्लंडात लँकशरकडे मटण आणि बटाट्याच्या चकत्या मंद आचेवर तासन्‌तास शिजवून 'हॉटपॉट' नावाचं कालवण करतात. नवराबायकोच्या भांडणात ते भिंतीवर गेलं आहे. डोळा सुजवणारा नवराच, म्हणजे वर्दीतला माणूस.

लँकशर परगण्याच्या पोलीस दलाचे प्रमुख कर्नल एरिक सेंट जॉन्स्टन यांनी हे पाहिलं आणि लगोलग लंडन गाठलं. बीबीसीचे कार्यक्रम-नियंत्रक स्टुअर्ट हूड यांची भेट घेऊन त्यांनी मागणी केली, ही मालिका बंद करा.

एका काल्पनिक शिपायाच्या बायकोचा डोळा, तोही रंगभूषाकाराने रंगवलेला. त्यासाठी पोलीसप्रमुखाने राजधानीपर्यंत धाव घ्यावी याचं आज हसू येईल. पण कर्नलसाहेबांची बाजूही ऐकायला हवी. मालिका त्यांच्याच दलावर बेतलेली होती. लेखकाला पोलिसांच्या गस्ती गाड्यांतून हिंडू दिलं ते त्यांच्याच माणसांनी. भागाच्या श्रेयनामावलीत सहकार्याबद्दल आभार होते तेही त्यांच्याच दलाचे. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याने दुसऱ्या दिवशी गावभर आपल्या घरातली भांडणं सांगत सुटावं, तसं त्यांना वाटलं असणार.

ब्रिटिश प्रेक्षकाला तोवर पडद्यावर कोणता पोलीस पाहायची सवय होती, हे कळल्याशिवाय त्या एका डोळ्याने एवढं वादळ का उठवलं हे कळणार नाही.

त्या पोलिसाचं नाव जॉर्ज डिक्सन. 1950 मध्ये ईलिंग स्टुडिओचा 'द ब्लू लॅम्प' हा चित्रपट आला, दिग्दर्शक बेसिल डिअर्डन. डिक्सन हा त्यातला निवृत्तीला टेकलेला लंडनचा शिपाई. पायी गस्त घालणारा, वस्तीतल्या पोराटोरांना नावाने ओळखणारा. एक तरुण गुंड त्याच्यावर गोळी झाडतो (ही भूमिका डर्क बोगार्डची), डिक्सन मरतो, आणि पुढचा चित्रपट त्याच्या खुन्याचा माग काढण्यात जातो. गोष्ट संपली. पण पाच वर्षांनी, 1955 मध्ये, लेखक टेड विलिस यांनी 'डिक्सन ऑफ डॉक ग्रीन' ही मालिका बीबीसीसाठी लिहिली आणि तोच डिक्सन, तोच अभिनेता जॅक वॉर्नर, ठणठणीत जिवंत होऊन पडद्यावर आला. कसा वाचला, गोळी कुठे लागली होती, काही खुलासा नाही. प्रेक्षकांनीही तो मागितला नाही. त्यांना डिक्सन हवा होता, तो मिळाला.

भागाच्या सुरुवातीला डिक्सन कॅमेऱ्याकडे पाहून सलाम ठोकायचा, प्रेक्षकांना शुभसंध्या म्हणायचा आणि आपल्या हद्दीतली एखादी हकीकत सांगायचा. शेवटी पुन्हा येऊन दोन शहाणपणाच्या गोष्टी. ही मालिका 1976 पर्यंत, म्हणजे 21 वर्षं चालली. 432 भाग झाले. सुरू झाली तेव्हा वॉर्नर साठीला आले होते, संपली तेव्हा ऐंशीचे होते. कोणत्याही खऱ्या पोलीस दलाने त्यांना केव्हाच घरी बसवलं असतं. 1981 मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या शवपेटीला खऱ्या पोलिसांनी खांदा दिला. नट आणि पोलीस यांच्यातली रेघ इतकी पुसट झालेली दुसरी उदाहरणं शोधावी लागतील.

पडद्याबाहेर मात्र पोलिसांचे दिवस तितके बरे नव्हते. 1958 च्या डिसेंबरात ब्रायन रिक्स या लोकप्रिय विनोदी नटाला वेगाने गाडी चालवल्याबद्दल लंडनमध्ये एका शिपायाने थांबवलं. गॅरट नावाचे एक सरकारी नोकर मध्ये पडले, त्यांची आणि शिपायाची झटापट झाली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि पोलिसांनी 300 पौंड देऊन ते मिटवलं. शिपायाची चूक नसेल तर जनतेचे पैसे का दिले, आणि चूक असेल तर त्याच्यावर कारवाई का नाही, असा प्रश्न संसदेत विचारला गेला. अशाच काही प्रकरणांची भर पडून 1960 मध्ये पोलिसांच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी रॉयल कमिशन नेमलं गेलं. या कमिशनसाठी लोकांची पाहणी झाली. तीत 83 टक्के लोकांनी आपल्याला पोलिसांबद्दल मोठा आदर आहे असं सांगितलं. 'झेड कार्स'चा पहिला भाग दाखवला गेला तेव्हा या कमिशनचा अंतिम अहवाल यायचा होता. तो त्याच वर्षीच्या मे महिन्यात आला. म्हणजे कर्नलसाहेबांच्या दृष्टीने वेळ याहून वाईट असू शकत नव्हती. सारा देश पोलिसांच्या चारित्र्याचा हिशेब मांडत बसलेला असताना बीबीसीने बायकोला मारणारा पोलीस घरोघरी पाठवला.

हा पोलीस आला कुठून? मालिकेचे तरुण लेखक ट्रॉय केनेडी मार्टिन गालगुंड होऊन अंथरुणावर पडले होते. वेळ जात नव्हता म्हणून रेडिओची सुई फिरवता फिरवता त्यांना पोलिसांचे आपसातले संदेश ऐकू येऊ लागले. त्या आवाजांत डिक्सन कुठेच नव्हता. होती ती धावपळ, कंटाळा, शिव्याशाप, आणि कुणाच्या तरी घरातल्या भांडणाकडे निघालेल्या गाड्या. पुढे बीबीसीच्या माहितीप्रधान नाट्यविभागाचे एल्विन जोन्स यांच्या पाठबळाने ते लँकशरला गेले आणि गस्ती गाड्यांतून फिरले.

लँकशरच का? लिव्हरपूलमधल्या जुन्या, कोंदट वस्त्या पाडून तिथल्या हजारो कुटुंबांना युद्धानंतर शहराबाहेर कर्कबीसारख्या नव्या वसाहतींत हलवलं होतं. घरं नवी मिळाली, पण शेजार तुटला. आपल्याकडे गिरणगावातून उठून उपनगरांत गेलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कर्कबीत तरुण पोरं भरपूर होती, त्यांना करायला काही फारसं नव्हतं, आणि पोलीस कमी होते. पायी गस्तीने एवढा पसारा सांभाळता येईना, म्हणून लँकशर पोलिसांनी बिनतारी यंत्र बसवलेल्या गस्ती गाड्या काढल्या. प्रत्येक गाडीत दोघे शिपाई. मालिकेत कर्कबीचं झालं न्यूटाउन, शेजारच्या बंदराचं सीपोर्ट. पोलीस विभागांना इंग्रजी वर्णमालेतली अक्षरं असत. 'झेड' हा विभाग खरोखर नव्हता, म्हणून तो निवडला. फोर्ड कंपनीच्या झेफिर गाड्या, बिनतारी यंत्रावरची त्यांची नावं 'झेड व्हिक्टर वन' आणि 'झेड व्हिक्टर टू'.

पहिल्या भागाची सुरुवात होते ती एका कबरीपाशी. फॅरो नावाचा शिपाई कामावर असताना मारला गेला आहे. चीफ इन्स्पेक्टर बार्लो (स्ट्रॅटफर्ड जॉन्स) आणि सार्जंट वॉट (फ्रँक विंडसर) त्याच्या कबरीजवळ उभे आहेत. या खुनामुळेच गस्ती गाड्यांची योजना सुरू होणार आहे आणि त्यासाठी चार शिपाई निवडायचे आहेत. मग ते चौघे एकेक करून आपल्याला भेटतात. लिंचला घोड्यांच्या शर्यतीचा निकाल हवा आहे. फॅन्सी स्मिथ (ब्रायन ब्लेस्ड) पोरींच्या मागे. जॉक वियर रग्बीच्या मैदानावरचा गडी. आणि बॉब स्टील, ज्याच्या घरची भिंत आपण पाहिलीच. खुद्द वॉटचीही बायको त्याला सोडून गेली आहे.

आता नीट पाहा. डिक्सनच्या जगातही पोलीस मरत होते, गुंड बंदुका चालवत होते. हिंसा नवी नव्हती. नवं होतं ते पोलिसाचं घर. सरकारी माणूस कामावरून परतल्यावर टोपी काढून ठेवतो आणि मग कसा वागतो, हे पाहणं प्रेक्षकाचा हक्क आहे, असं ही मालिका धरून चालली होती. आणि ते काही गाजावाजा करून, रडवेल्या संगीताच्या जोडीने दाखवलं नव्हतं. जाता जाता, दुसऱ्या कामातून, भिंतीवरच्या डागासारखं दाखवलं होतं. माझ्या मते कर्नलसाहेबांना झोंबलं ते हेच. मारहाणीची कथा असती, शेवटी मारणाऱ्याला शिक्षा झाली असती, तर त्यांनी कदाचित तक्रारही केली नसती. पण या भागात स्टीलची निवड होते. बायकोला मारणारा नवरा चांगला पोलीस असू शकतो, आणि साहेबांना त्यात वावगं वाटत नाही, असं म्हणणारा भाग होता तो.

तंत्राच्या बाजूनेही हा भाग प्रेक्षकांच्या अंगावर आला. सगळं थेट प्रक्षेपित होत होतं. पन्नास मिनिटं स्टुडिओत नट एका दृश्यातून दुसऱ्यात पळत आहेत, गाडीचा अर्धा सांगाडा स्टुडिओत ठेवलेला आणि मागच्या पडद्यावर पळणारा रस्ता. चित्रफितीवर मुद्रण करून नंतर जोडणी करणं तेव्हा किचकट आणि खर्चिक होतं हे एक कारण, पण दिग्दर्शक जॉन मॅकग्रा यांना ती घाईच हवी होती. छोटी छोटी दृश्यं, एकमेकांना तोडणारे संवाद, उत्तर इंग्लंडची बोली. लंडनच्या स्टुडिओतून असा सूर आजवर फारसा निघाला नव्हता.

प्रेक्षकांना काय वाटलं हे मोजायची बीबीसीची पद्धत त्या काळी चांगलीच बसलेली होती. रॉबर्ट सिल्वी यांनी 1936 मध्ये श्रोतृसंशोधन विभाग उभा केला होता. आदल्या दिवशी काय पाहिलं, काय ऐकलं, हे विभागाची माणसं रोज लोकांना प्रत्यक्ष भेटून विचारत. त्याखेरीज ठरावीक प्रेक्षकांचं एक मंडळ होतं. त्यांना छापील प्रश्नावली पाठवली जाई आणि ते कार्यक्रमाला पाच पायऱ्यांवर श्रेणी देत. या श्रेण्यांची गोळाबेरीज करून शंभरपैकी एक आकडा काढत, त्याला प्रतिक्रिया-निर्देशांक म्हणत. किती लोकांनी पाहिलं आणि पाहणाऱ्यांना किती आवडलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मानून ते वेगळे मोजणारी ही पद्धत मला आजच्या टीआरपीपेक्षा शहाणी वाटते. टीआरपी टीव्ही चालू होता एवढंच सांगतो. घरातले शिव्या देत पाहत होते की टाळ्या पिटत, याचा त्याला पत्ता नसतो.

बीबीसीने मालिका बंद केली नाही. श्रेयनामावलीतून लँकशर पोलिसांचं नाव तेवढं गेलं. दलाने सहकार्य काढून घेतलं होतं. आधी ठरले होते 13 भाग. प्रेक्षकांचा ओढा पाहून ते वाढवत वाढवत 31 वर नेले. काही आठवड्यांतच दर भागाला सुमारे 1 कोटी 40 लाख लोक बसू लागले. 1955 मध्ये व्यापारी वाहिनी सुरू झाल्यापासून बीबीसीचे प्रेक्षक पळत होते. मंगळवारी रात्री तरी ते परत आले. मालिकेची धून म्हणजे लिव्हरपूलकडचं एक जुनं लोकगीत, बासरी आणि ढोलांवर बसवलेलं. ती तबकडी 1962 मध्येच ब्रिटनमधल्या पहिल्या दहांत गेली. एव्हर्टन फुटबॉल क्लबचा संघ त्या धुनेवर मैदानात उतरू लागला, तो आजतागायत.

कर्नलसाहेबांची भीती खोटी ठरली का? इथे गोष्ट वळण घेते, आणि ते कुणीच आखलेलं नव्हतं.

केनेडी मार्टिन आणि मॅकग्रा यांना पोलिसांची मालिका करायची नव्हतीच मुळी. न्यूटाउनमधली माणसं दाखवायची होती: बेकार पोरं, घरातून पळालेल्या मुली, दारुडे, एकट्या म्हाताऱ्या. पोलिसाची गाडी या प्रत्येक दारात थांबू शकते, म्हणून ती कथेला सोयीची. गाडी हे निमित्त, दाराआडचं घर हा विषय. प्रत्येक वेळी पोलिसांनी जिंकावं असंही त्यांना वाटत नव्हतं. प्रेक्षकांनी मात्र दार सोडून गाडीच धरली. त्यांचा जीव जडला तो बार्लोवर. हा बार्लो गरगरीत, दमदाटी करणारा, संशयिताला नाकाशी नाक भिडवून कोंडीत पकडणारा. तो अंगावर यावा म्हणून लिहिला होता. लोकांना तो आवडून गेला. असा एखादा साहेब आपल्या पोलीस ठाण्यावर हवा, असं वाटायला लावणारा झाला. 1966 मध्ये बार्लो आणि वॉट यांना घेऊन 'सॉफ्टली सॉफ्टली' ही वेगळी मालिका निघाली, पुढे बार्लोच्या एकट्याच्या नावाने आणखी एक. 1973 मध्ये तर बीबीसीने या दोन काल्पनिक पोलिसांना जॅक द रिपरच्या खऱ्याखुऱ्या खुनांचा तपास करायला बसवलं! प्रेक्षकांना ते विचित्र वाटलं नाही. 1888 मधले खून सोडवायला बार्लोपेक्षा लायक माणूस त्यांच्या ओळखीत नव्हता.

म्हणजे ज्या मालिकेने पोलिसाला चौथऱ्यावरून खाली उतरवलं, तिच्याच प्रेक्षकांनी त्याला उचलून दुसऱ्या चौथऱ्यावर बसवलं. डिक्सन साधुपुरुष होता म्हणून प्रिय, बार्लो साधुपुरुष नव्हता म्हणून. पोलिसाने रागावणं, ओरडणं, प्रसंगी हात उगारणं हे आता कर्तबगारीचं लक्षण झालं. तेरा वर्षांनी, 1975 मध्ये, 'द स्वीनी' ही मालिका आली. त्यातला इन्स्पेक्टर नियम मोडतो तेव्हाच प्रेक्षकांना गोड वाटतो. तिचा जनक इयन केनेडी मार्टिन, ट्रॉयचा सख्खा भाऊ. पोलिसांची प्रतिमा बिघडेल म्हणून धावलेल्या कर्नलसाहेबांना हे हिशेबात धरता आलं नसतं, की दोष दाखवल्याने पोलीस लोकांच्या अधिक जवळ जाईल. ते स्वतः पुढे 1967 मध्ये देशाच्या पोलीस दलांचे मुख्य निरीक्षक झाले. त्यांच्या दलाचंही काही वाकडं झालं नाही.

वाकडं झालं ते लेखकांचं. मालिका आपल्या हातून निसटते आहे हे पाहून केनेडी मार्टिन पहिल्या वर्षातच बाजूला झाले. 1964 मध्ये त्यांनी एका नाट्यविषयक नियतकालिकात दूरचित्रवाणीच्या वास्तववादी नाटकावर सडकून टीका केली. पुढे 'द इटालियन जॉब' हा चित्रपट आणि 'एज ऑफ डार्कनेस' ही मालिका त्यांच्या नावावर जमा झाली. मॅकग्रा यांनीही वाट बदलली आणि 1971 मध्ये '7:84' ही राजकीय नाट्यसंस्था काढली. 'झेड कार्स' त्यांच्याविना 1978 पर्यंत चालत राहिली. गंमत म्हणजे शेवटचा भाग लिहायला केनेडी मार्टिन यांनाच बोलावलं होतं. मधल्या काळातल्या शेकडो भागांच्या फिती पुसून त्यांवर दुसरं काही मुद्रित केलं गेलं, कारण फीत महाग होती. पहिला भाग मात्र वाचला आहे.

आणि जेनी स्टीलचं काय? तिच्या डोळ्यावरून एवढं रण पेटलं, पण ते पोलिसांच्या अब्रूचं रण होतं. पोलिसाने बायकोला मारलं हे दाखवलं का, असा वाद झाला. पोलीस बायकोला मारत असेल तर ती तक्रार कुठे करेल, हा नाही. त्या काळात घरातल्या मारहाणीला इंग्लंडचे पोलीस खासगी भांडणच समजत. मारहाण झालेल्या स्त्रियांसाठी लंडनच्या चिझिक भागातलं पहिलं आश्रयस्थान उघडलं ते 1971 मध्ये, आणि घरगुती हिंसेसंबंधीचा कायदा झाला 1976 मध्ये. आपल्याकडे बायकोच्या छळाविरुद्धचं कलम 498 अ आलं 1983 मध्ये, आणि घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा 2005 चा. 1962 मधल्या त्या भागाने उत्तर दिलं नव्हतं, पण प्रश्न समोर ठेवला होता. तो कुणी उचलला नाही.

तो उचलला गेला वीस वर्षांनी, आणि तेव्हा पडद्यावर नट नव्हते. जानेवारी 1982 मध्ये बीबीसीने रॉजर ग्रेफ यांच्या 'पोलीस' या माहितीपट मालिकेचा एक भाग दाखवला. थेम्स व्हॅली दलाचे तपास अधिकारी बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या एका स्त्रीची उलटतपासणी घेत आहेत. कॅमेरा समोर असूनही ते तिला दरडावतात, खोटं पाडतात. प्रेक्षक अक्षरशः खवळले. वर्तमानपत्रं, संसद, सगळीकडे पडसाद उमटले आणि बलात्काराच्या तक्रारी हाताळण्याच्या पद्धतीत पोलिसांना बदल करावे लागले. या वेळी प्रेक्षकांनी पोलिसाकडे पाहिलं ते तक्रारदाराच्या खुर्चीत बसून. प्रेक्षकांच्या संतापाने कारभार सुधारल्याची इतकी ठळक उदाहरणं थोडी आहेत, आणि ते नाटकाने नव्हे, माहितीपटाने साधलं. नाटकातल्या पोलिसाला लोक आपला मानून टाकतात, ही त्याची अडचण आहे.

हे आपल्याला नवं नाही. दूरदर्शनच्या मुंबई केंद्रात कॅमेरामन असलेले बी. पी. सिंह यांनी पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकावरून नाव घेतलेली 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका केली, तीत शिवाजी साटम होते. त्याच जोडीने 21 जानेवारी 1998 रोजी सोनी वाहिनीवर 'सीआयडी' आणली. बँकेतली नोकरी करून नाटकं करणारा एक मराठी माणूस एसीपी प्रद्युम्न झाला आणि 2018 पर्यंत तो देशभर हिंदीत गुन्हे सोडवत राहिला. वीस वर्षं, पंधराशेहून अधिक भाग. आणि या पंधराशे भागांत प्रद्युम्न आणि त्याचे सहकारी दया, अभिजीत यांच्या घरात कॅमेरा कितीदा शिरला? त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही. ही माणसं प्रयोगशाळेत, प्रेतापाशी आणि तुटलेल्या दारापाशीच राहतात. भागाच्या शेवटी आरोपीच्या कानाखाली बसते, त्याला फाशीची हमी मिळते, आणि घरोघरी समाधान पसरतं. कोठडीतल्या मारहाणीबद्दल तावातावाने बोलणारे माझे मित्रसुद्धा ती चपराक बसली की खूश होतात. कोणत्या पोलीसप्रमुखाने यावर वाहिनीकडे धाव घेतल्याचं ऐकिवात नाही. घेतील कशाला?

तक्रार झाली ती वेगळ्याच कारणाने. डिसेंबर 2024 मध्ये मालिका नव्याने सुरू झाली. 5 एप्रिल 2025 च्या सुमारास एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात मारला गेल्याचं दाखवलं गेलं. घडवून आणणारा खलनायक बार्बोझा, भूमिका तिग्मांशु धूलिया यांची. वाहिनीने आपल्या अधिकृत खात्यावर एखाद्या खऱ्या माणसाची असावी तशी श्रद्धांजली प्रसिद्ध केली. प्रेक्षक चिडले. प्रद्युम्नशिवाय सीआयडी ती काय, बंदच करा, इथपासून त्याला ताबडतोब परत आणा इथपर्यंत मागण्या सुरू झाल्या. नव्या एसीपीच्या भूमिकेत पार्थ समथान आले. त्या तरुण नटाची काहीच चूक नसताना त्यालाही बोल ऐकावे लागले. डिसेंबर 2023 मध्ये याच मालिकेत फ्रेडरिक्सची भूमिका करणारे दिनेश फडणीस खरोखर गेले, तेव्हाही लोक हळहळले होते, पण त्यात राग नव्हता. खऱ्या मरणापुढे कुणाचं काही चालत नाही हे प्रेक्षकाला कळतं. लेखकाने मारलेल्या माणसाबद्दल मात्र त्याला दाद मागता येते, आणि त्याने ती मागितली.

डिक्सनला जिवंत व्हायला पाच वर्षं लागली होती. प्रद्युम्न काही आठवड्यांत परतला आणि साटम पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसले. प्रेक्षकांनी आपला एसीपी मिळवला. मालिकेला मात्र यातून काही मिळालं असं मला वाटत नाही. एका प्रमुख पात्राच्या मरणानंतर उरलेली माणसं कशी वागतील, दया कोणावर हात उगारेल, अभिजीत कोणाला जबाबदार धरेल, हे लिहायची पंचवीस वर्षांत प्रथमच संधी आली होती, आणि ती महिन्या-दीड महिन्यात गुंडाळली गेली.